फिलामेंटला डीसी

जुन्नरला पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करणारा माझा एक मित्र होता. मी घोडेगावच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालो होतो. दोघांनाही जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं वेड. त्याच्या दुकानात आम्ही मिळून एक बांधला. ट्रान्सफॉर्मर त्याने स्वतः गुंडाळला. गाणं गोड वाजायचं, पण गाणं थांबलं की मागे घूंऽऽ असा आवाज उरायचा.

व्हॉल्व्ह तापवणारी बारीक तार, फिलामेंट, एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर चालते आणि तिची घरघर गाण्यात शिरते. एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीवर ती थांबते. "डीसी देऊ तिला," मी म्हणायचो.

"देऊ की राव. कुठं पळून चाललोय!"

मग त्याला घशाचा कॅन्सर निघाला. पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, दुकान बंद पडलं, अँप्लिफायर घरी कॉटशेजारी आला. एकदा भेटायला गेलो तर म्हणाला, "भाऊ, ते डीसीचं तेवढं करून टाक आता." परतताना बसमध्ये तो 'आता' मला सोसेना.

घरी एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर जुळवले. आधी व्होल्टेज जास्त आलं. तसंच जोडलं असतं तर व्हॉल्व्ह जळाले असते. रेझिस्टन्स बदलून ते सव्वासहापर्यंत उतरवलं आणि सगळं पिशवीत घालून जुन्नरला नेलं. त्याच्यासमोरच जोडलं.

व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. स्पीकर गप्प. दारात उभी असलेली त्याची बायकोही हसली.

तो मात्र म्हणाला, "न्हाई गेली राव. हाय अजून."

मी स्पीकरला कान लावला. काहीच नव्हतं. शेवटी अँप्लिफायरच बंद केला.

"आता?"

"हाय की."

वहिनी हळूच म्हणाली, "त्यांचं कान वाजत्यात, भाऊ. औषधानं व्हतं म्हणले डॉक्टर."

त्याने आमच्या दोघांकडे पाहिलं. मी अँप्लिफायर पुन्हा चालू केला आणि त्याची बोटं धरून स्पीकरच्या कागदावर टेकवली. आधी तिथे घूं हाताला लागायची. त्याने बराच वेळ बोटं काढली नाहीत.

"थांबलीय," तो म्हणाला. "झ्याक झालं काम." आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मी सोल्डरिंगचं सामान आवरत राहिलो.

नंतर गेलो तेव्हा तो झोपला होता. अँप्लिफायर नुसताच चालू होता. मी बंद करायला गेलो तर वहिनी म्हणाली, "असू द्या. उठल्यावर तांबडं दिसलं न्हाई की इचारत्यात."

चहा घेऊन, त्याला न उठवता मी निघालो. उठवायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरून फोन आला.