आरशातली तुळई

ऑफिसात तिला सगळे काटकोन म्हणत. कुणाच्याही टेबलावरचा कागद तिरका दिसला की जाता जाता ती तो सरळ करून जायची. हे नाव अण्णांनी ठेवलं होतं आणि ते तिला आवडायचं. अण्णा म्हणजे ऑफिसातले सगळ्यांत जुने आरेखक. नकाशे ते काढत, बांधकामावर चकरा तेच मारत, आणि तिथे काही बदललं की येऊन तिला सांगत.

तिचं काम होतं इमारत उभी राहण्याआधी तिचा सांगाडा कॉम्प्युटरवर उभा करायचा. त्यावर माणसांचं, सामानाचं वजन घालायचं आणि कुठली तुळई किती वाकेल हे सॉफ्टवेअरकडून काढून घ्यायचं. या सांगाड्याला मॉडेल म्हणत. त्यात तुळई म्हणजे नुसती एक रेघ. तिची रुंदी किती, उंची किती, ती उभी ठेवलीय की आडवी, हे आपण सांगायचं. लाकडी पट्टी आडवी धरून दाबली तर धनुष्यासारखी वाकते, तीच कडेवर उभी धरली तर दाद देत नाही. तुळईचंही तसंच. पण पडद्यावर उभी काय नि आडवी काय, रेघ ती रेघच. जाडीसकट दाखव म्हटलं तर दाखवतो कॉम्प्युटर, पण तिचा जुना कॉम्प्युटर त्या ओझ्यानं मेटाकुटीला यायचा, म्हणून ती नुसत्या रेघांवरच काम उरकायची.

एका वाचनालयाचा पोटमाळा करायचा होता. लोखंडी चौकोनी नळ्यांच्या तुळया, रुंदीच्या दुप्पट उंच, सगळ्या उभ्या. पोटमाळ्याच्या दोन बाजू हुबेहूब सारख्या, त्यामुळे तिनं एक बाजू काढली आणि आरशात पाहावी तशी दुसरी बाजू एका आज्ञेत उमटवली. त्यानंतर एकदा लिफ्टपाशी अण्णा भेटले.

"काटकोन, जिन्यावरची तुळई आडवी होणार बरं का. वर जाणाऱ्याचं कपाळ आपटेल तिला. मी नकाशात केलीय, तू मॉडेलमध्ये फिरव."

"लगेच फिरवते, अण्णा."

"लगेच म्हणजे चहाच्या आधी की नंतर?"

"आधी."

आणि तिनं खरंच चहाच्या आधी ती फिरवली. पण पुढे पहिल्या बाजूतल्या एका तुळईची लांबी चुकलेली सापडली. ती दुरुस्त करून तिनं दुसरी बाजू पुसून टाकली आणि आरशातून पुन्हा उमटवली. जिना होता तो त्या पुसलेल्या बाजूला. नव्या रेघेबरोबर तिथे उभी तुळई परत आली. पडद्यावर काहीच बदललेलं दिसलं नाही. आकडे छान आले, साहेबांची सही झाली, अण्णांच्या नकाशाप्रमाणे पोटमाळा उभा राहिला.

काही महिन्यांनी वाचनालयातून फोन आला. जिन्याजवळच्या कपाटांची काचेची दारं लावली तरी आपोआप उघडतात, आणि कुणी पुस्तकांची ढकलगाडी नेली की पायाखाली हलतं. तपासणी झाली. तुळई खाली झुकली होती. खालून एक खांब देऊन भागलं, कुणाला काही इजा झाली नाही. पण साहेबांनी तिला नि अण्णांना बसवून मॉडेल उघडायला लावलं. नकाशात तुळई आडवी, मॉडेलमध्ये उभी.

आरसा तिला त्याच क्षणी आठवला. ती सांगणार तेवढ्यात अण्णा कपाळावर हात ठेवून म्हणाले, "ही काटकोन आहे, साहेब. सांगितलं असतं तर हिनं केलं असतं. मीच सांगायचं राहून गेलं असणार."

"अण्णा, वय झालं हो तुमचं," साहेब हसत म्हणाले.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि तोंडातला शब्द तोंडातच ठेवला.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो टाचा घासलेले बूट पुसत बसला होता. "म्हातारा आपणहून ओढवून घेतोय, तर घेऊ दे की. खांब लागला ना? मिटलं," तो म्हणाला. तिला ते पटलं असं तिनं ठरवलं. पण अण्णांनी बांधकामावरच्या चकरा सोडल्या, मग आठवड्यातून एखादाच दिवस येऊ लागले, आणि शेवटी येईनासेच झाले. त्यांची खुर्ची कुणीतरी खिडकीपाशी ओढून नेली. ती जागेवर ठेवायला काटकोन उठली नाही.

औषधांच्या दुकानात काकू भेटल्या, अण्णांच्या बायको. पिशवी गोळ्यांनी भरलेली.

"कसे आहेत अण्णा?"

"कसे असणार? विसरतात म्हणे. मला तर काही दिसत नाही, पण त्यांनी ध्यास घेतलाय. गॅस बंद केला का, हे मला चारदा विचारतात. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. एकटं बाहेर जायचं नाही असं स्वतःच ठरवलंय, रस्ता चुकेल म्हणून. मीच नेते भाजीला, हात धरून. ये ना घरी. तुझं नाव काढतात."

ती गेली, लगेच, काकूंच्याबरोबरच. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, अंगात घडी मोडलेला स्वच्छ सदरा. "ये, काटकोन," म्हणाले, आणि उशी उगाच इकडची तिकडे केली.

"अण्णा, तुम्ही मला सांगितलं होतं. जिन्यावरच्या तुळईचं. मी फिरवलीही होती. नंतर दुसरी बाजू परत उमटवली, त्यात ती गेली. चूक माझी आहे. त्या दिवशी मला माहीत होतं."

काकूंच्या हातातली पिशवी टेबलावर टेकली. अण्णा तिच्याकडे वळले.

"लिफ्टपाशी?"

"लिफ्टपाशी. चहाच्या आधी की नंतर, असंही विचारलंत."

"मला आठवत होतं गं," अण्णा हळूच म्हणाले. "लख्ख आठवत होतं. पण मॉडेलमध्ये ती उभी निघाली, आणि तू गप्प बसलीस. म्हटलं, ही खोटं वागायची नाही, म्हणजे लिफ्ट, चहा हे सगळं मीच मनाशी रचलंय. मग म्हटलं, आणखी काय काय रचत असेन?"

तिला वाटलं होतं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. बोलल्या त्या काकूच. "किती दिवस मी ह्यांचा हात धरून फिरवतेय, ठाऊक आहे तुला? रात्री उठून बघते, दार उघडून गेले तर नाहीत. माणूस जिवंतपणी स्वतःला पारखा झाला, आणि तू तिथे कागद सरळ करत बसलीस."

"राहू दे," अण्णा म्हणाले.

"का राहू दे? मी नाही राहू देणार."

"माफ करा म्हणायला आले नाही मी, काकू," ती म्हणाली, पण ती तेवढं म्हणायलाच आली होती हे तिघांनाही कळत होतं.

अण्णा उठून खिडकीशी गेले. पाठ तिच्याकडे करून म्हणाले, "साहेबांना सांग. सगळ्यांसमोर सांग. मी येणार नाही. तुझा चेहरा तेव्हा मला बघायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना बोलावून जुनं मॉडेल उघडलं. तुळई आडवी केली, दुसरी बाजू पुसली, आरशातून उमटवली, आणि जाडीसकट दाखवायला लावलं. कॉम्प्युटर कण्हत राहिला, मग पडद्यावर जिन्यावरची तुळई दिसली, पुन्हा उभी. ती म्हणाली, "अण्णांनी मला सांगितलं होतं. मीटिंगमध्ये मी मुद्दाम गप्प बसले." खोलीत कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. साहेब एवढंच म्हणाले, "आत्ता सांगताय?" आणि बाहेर गेले. त्या दिवशी तिला कुणी काटकोन म्हटलं नाही, ताई म्हटलं.

संध्याकाळी तिनं अण्णांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"सांगितलं मी, काकू. सगळ्यांसमोर. अण्णांना द्याल का फोन?"

"नाहीत ते. बाहेर गेलेत," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "एकटे," आणि फोन ठेवून दिला.