कॅसेटची बाजू बदलताना

सातच्या ठेक्यावरून मी पहिल्यांदा कुणाच्या तरी कानशिलात ठेवून दिली, तेव्हा मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी ड्रम वाजवायचो, आणि ज्याला दिली तो आमचा गिटारवाला. कॅम्पातला, घरी कोकणी बोलणारा, गळा गोड आणि तालाच्या बाबतीत ठार बहिरा. तुकडा सात मात्रांचा होता आणि हा बाबा दर वेळी आठवी मोजून माझ्या अंगावर यायचा. कानशिलात बसल्यावर त्यानं गिटार खाली ठेवली, अगदी नीट, कापडावर, आणि मग माझं नाक फोडलं. ऑर्गनवाला आणि बेसवाला आमचं संपायची वाट बघत उभे राहिले. नंतर चौघांनी चहा घेतला आणि तो तुकडा परत वाजवला. आमचा बँड असाच चालायचा.

ऐंशीच्या सुरुवातीची ही गोष्ट. आम्ही एकाच इंग्लिश बँडची गाणी वाजवायचो. त्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचे. गाणं एकेक वीस मिनिटांचं, मध्येच लय बदलणारं, घडीत चर्चमधला ऑर्गन तर घडीत नुसती हाणामारी. मला ती हाणामारी आवडायची, उगीच खोटं कशाला सांगू? आमच्याकडं त्यांच्या एका जाहीर कार्यक्रमाची कॅसेट होती. गिटारवाल्याच्या मामानं, जो बोटीवर नोकरीला होता, ती आणली आणि आम्ही एका दुकानात ती जास्त वेळ चालणाऱ्या मोठ्या कॅसेटवर भरून घेतली. तिच्यात जे जे होतं ते सगळं आम्ही पाठ केलं. त्यांचा गायक सुरुवातीला आपल्या श्रोत्यांना त्यांच्या गावाचं नाव घेऊन नमस्कार करायचा. आमच्या गिटारवाल्यानं कॅम्पातल्या हॉलमध्ये, पहिल्याच कार्यक्रमात, त्याच परदेशी गावाचं नाव घेऊन बेळगावकरांना नमस्कार केला. लोकांनी टाळ्याही दिल्या.

सगळ्यात मोठ्या गाण्यात ऐन भरात एक जागा यायची. सगळी वाद्यं एकदम थांबायची. लांबलचक शांतता, आणि मग सगळे पुन्हा एकदम तुटून पडायचे. आमच्या लेखी तो त्या गाण्याचा कळस होता. ती शांतता सगळ्यांनी एकाच वेळी मोडावी म्हणून आम्ही महिनाभर एकमेकांना शिव्या घातल्या, एकदा पान्हा फेकून मारला. पुढं काही वर्षांनी पुण्यात एका मित्राकडं मी त्याच कार्यक्रमाची मूळ तबकडी ऐकली. तिथं कुणीच थांबत नव्हतं. मामाच्या कॅसेटची पहिली बाजू तिथं संपली होती, आणि दुकानदार ती काढून उलटी लावेपर्यंत आमची कॅसेट तशीच फिरत राहिली होती. दुकानदाराच्या हाताला लागलेला वेळ आम्ही कळस म्हणून वाजवत होतो. मित्राच्या घरी मी इतका हसलो की त्याच्या आईनं पाणी आणून दिलं. मग मनगट दुखायला लागलं आणि हसू थांबलं.

इंग्लिशच का, तर त्यामागं आमचा एक हिशोब होता. बेळगावात तेव्हा आज मराठी पाट्यांना डांबर लागायचं, उद्या कानडी पाट्यांना. बसच्या काचा फुटायच्या. आमचा बेसवाला घरी कानडी बोलायचा, मी मराठी. मराठी गाणं घेतलं तर एका बाजूनं दगड, कानडी घेतलं तर दुसऱ्या बाजूनं. इंग्लिश कुणाचंच नव्हतं, म्हणून आम्ही ते घेतलं. दगडाला कारण म्हणून भाषाच लागते असं नाही, एवढी अक्कल तेव्हा आमच्यातल्या एकालाही नव्हती.

माझं घर निपाणीत. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. आई मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. लहानपणी मी डब्यावर नुसत्या काड्या आपटल्या तरी आप्पांचा पट्टा निघायचा. पाठ सोलून निघेपर्यंत मारायचे, आणि मारताना एकच वाक्य बोलायचे.

"ह्या घरात कातडं वाजायचं न्हाय."

डब्याला कुठलं आलंय कातडं, असं मी एकदा विचारलं, तर त्याबद्दल वेगळे फटके मिळाले. ह्यामागचं कारण मला आईनं सांगितलं, मी कॉलेजला जायला निघालो तेव्हा. आमच्या मूळ गावी हलगी वाजवणं हे आमच्या लोकांवर लादलेलं काम होतं. लग्न, जत्रा, मेलेलं ढोर, काहीही असो, बोलावलं की जायचं. आमचे लोक बौद्ध झाले तेव्हा आजोबांनी आपली हलगी स्वतःच्या हातानं चुलीत घातली. पुढच्या जत्रेला गावातले लोक त्यांना न्यायला आले. आजोबा नाही म्हणाले. तेव्हा त्यांना ओढत देवळापुढं नेलं, उजवा हात दगडावर ठेवला आणि वरून दुसऱ्या दगडानं बोटं ठेचली, एकेक करून. आप्पा चौदा-पंधरा वर्षांचे असतील. त्यांनी बघावं म्हणून दोघांनी त्यांची मान धरून ठेवली होती. त्याच आठवड्यात सगळं घर निपाणीला आलं. आजोबांना त्या हातानं नंतर घासही धरता येत नव्हता.

हे ऐकून मी ड्रम सोडायला हवे होते, असं कुणी म्हणेल. मी नाही सोडले. त्या गावचा राग मला ड्रमवरच काढता यायचा. दुसरीकडं काढला असता तर तुरुंगात गेलो असतो. एका सुट्टीत मी आप्पांना समजावायला गेलो की ड्रमला कातडं नसतं, प्लॅस्टिक असतं, आणि मला कुणी बोलावून राबवत नाही, मी माझ्या मर्जीनं वाजवतो. आप्पांनी थोबाडीत दिली. आवाज त्योच हाय, म्हणाले. मग जरा शांत होऊन त्यांनी शेवटचं सांगून टाकलं.

"बेळगावात काय करतोस ते मला दिसत न्हाय. निपाणीत चार लोकांम्होरं बडवलंस, तर तुजा हात मीच मोडीन."

आणि गणपतीत आम्हाला निपाणीच्याच एका मंडळाचं बोलावणं आलं. मी नाही म्हणू शकलो असतो. पण मला निपाणीतच वाजवायचं होतं, ज्या रस्त्यावरून आप्पा पोती वाहायचे त्या रस्त्यावर, लाऊडस्पीकर लावून. त्यांनी हात मोडला असता तरी चाललं असतं. निदान एकदा त्यांना ऐकवून तरी मोडला असता. गिटारवाल्याला वेगळंच वेड लागलं होतं. त्याला आमचंही लाइव्ह रेकॉर्डिंग हवं होतं, त्या कॅसेटीसारखं, शिट्ट्या आणि आरडाओरड्यासकट. त्यानं स्पीकरशेजारी स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला.

मंडळाच्या हौशी निवेदकानं माझी ओळख फार प्रेमानं करून दिली. आपल्या निपाणीचा पोरगा, कुठल्या गल्लीतला, आडनाव काय, मूळ गाव कुठलं, सगळं सांगितलं. आम्ही मंडळाच्या आग्रहाखातर दोन-चार हिंदी गाणी वाजवून लोकांना खूश केलं आणि मग ते मोठं गाणं काढलं. गिटारवाल्यानं सवयीनं परदेशी गावालाच नमस्कार केला. आप्पा मला चहाच्या गाड्यापाशी दिसले. वखारीतून थेट आले होते, डोक्याला फडकं तसंच. हात बांधून उभे होते. मी इतकं चांगलं आधी कधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. सातचा ठेका गिटारवाल्यालाही सापडला होता. समोरची पोरं नाचत होती. मग ती जागा आली आणि आम्ही चौघं एकदम थांबलो.

त्या शांततेत पुढच्या रांगेतून एक आवाज आला. मिशीवाला, पन्नाशीचा माणूस. तंबाखू घालायला आलेल्या गाड्यांबरोबर आमच्या मूळ गावाहून आला होता.

"थांबला की रं. ह्येच्या आज्ज्याचीबी बोटं अशीच थांबिवली हुती आमी."

त्याच्या आजूबाजूचे हसले. सगळी रांग हसली असं मला तेव्हा वाटलं, खरं म्हणजे चार-पाचच जण असतील. मी ड्रमवरून उडी मारली ती थेट त्याच्या छातीवर. हातातली काडी त्याच्या तोंडावर मारत राहिलो, ती मोडली तरी बुडक्यानं मारत राहिलो. त्याचं रक्त माझ्या डोळ्यात गेलं. कुणीतरी मागून केस ओढले, कुणीतरी पोटात लाथ घातली. दगड आला तो ऑर्गनवर. मग एकानं लोखंडी घडीची खुर्ची मिटवून उचलली आणि मी डोकं वाचवायला हात वर केला. मनगटाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी खाली पडलो, तर पुन्हा तीच खुर्ची वर गेलेली दिसली.

ती खाली आली नाही. आप्पा स्टेजवर चढले होते. त्यांनी माझ्या झांजेचा लोखंडी स्टँड उपटला, खाली उडी घेतली आणि झांजेसकट तो खुर्चीवाल्याच्या खांद्यावर घातला. तो माणूस ओरडत खाली बसला. मग आप्पा मिशीवाल्याकडं वळले. वखारीत तंबाखूच्या गासड्यांवर हूक मारतात तशा शांतपणे ते मारत होते, दर घावाला झांज वाजत होती. मंडळाच्या पोरांनी धरलं म्हणून तो माणूस जिवंत राहिला. मला भीती वाटली ती तेव्हा, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. तो आनंद मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

चौकीवर दोन्ही बाजूंची माणसं बसली आणि मिटवामिटवी झाली. माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर लागलं. हाड नीट बसेल का, डॉक्टरांनाच खात्री नव्हती. आप्पांना वखारीतून काही दिवस येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ते घरी भिंतीला टेकून बसून राहायचे. माझ्याशी बोलत नव्हते, माझ्या हाताकडं बघतही नव्हते. हात मोडीन म्हणाले होते आणि तो मोडलाच होता. कुणी मोडला याला आता अर्थ उरला नव्हता. या हातानं मी पुन्हा ड्रमवर बसायचं की नाही, हे मी त्यांना विचारायला धजत नव्हतो, आणि त्यांच्या तोंडून नकार ऐकला असता तर मी ते घरच सोडलं असतं.

एका दुपारी गिटारवाला बेळगावहून आला. डोळ्याखाली अजून काळंनिळं होतं. बरोबर टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट. दंगलीत स्टूल कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, मशीन चालूच राहिलं होतं. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला की सगळं आलंय, त्या माणसाचं बोलणंसुद्धा. आप्पांनी ते ऐकलं आणि लाव म्हणाले. गिटारवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं बटण दाबलं.

आप्पा सरकून मशीनपाशी आले आणि मांडी घालून बसले. आईचे विडीवरचे हात थांबले. खरखर, शिट्ट्या, गिटारवाल्याचा तो येडा नमस्कार, मग ऑर्गन, मग मी. घरात तो आवाज पहिल्यांदाच होत होता. मी आप्पांच्या पट्ट्याकडं बघत बसलो होतो, खुंटीवर होता. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. ठेका वाढत गेला. ती जागा जवळ आली, आता तो आवाज या खोलीत, आईसमोर येणार. आम्ही चौघं थांबलो आणि त्याच क्षणी आप्पांनी बटण दाबलं. कुठं दाबायचं ते त्यांना ठाऊक होतं. ते तिथं उभे होते.

त्यांनी बोट बटणावरच ठेवलं. मग आप्पांनी मला विचारलं, "ह्येच्या फुडं काय वाजवायचं हुतं?"

मी सांगितलं, तोच ठेका, पण जोरात, सगळ्यांनी मिळून.

"मग त्येच भर ह्येच्यावर. भरता येतंय न्हवं?"

गिटारवाला चाचरत म्हणाला की येतं, पण मग पुढचं सगळं पुसलं जाईल, आणि हे आमचं एकुलतं एक लाइव्ह रेकॉर्डिंग आहे. आप्पा म्हणाले, पुसू दे.

आईनं सुपातली पानं आणि तंबाखू फडक्यावर ओतली आणि सूप पालथं करून माझ्यापुढं ठेवलं. गिटारवाल्यानं रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली. मी डाव्या हातानं सुरुवात केली. डावा हात सातचा ठेका धरेना, दर घावाला सूप पुढं सरकत होतं. आप्पांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि मी वाजवत राहिलो.