प्लेटवरचे ठिपके

धाकट्या भावाचा ताप महिनाभर हटत नव्हता आणि तो कोणत्या जंतूचा, हे कळत नव्हतं. यवतमाळच्या दवाखान्यातल्या लॅबची मॅडम रोज चष्मा कपाळावर सरकवून, त्याच्या रक्तातले जंतू वाढवलेली प्लेट खिडकीशी धरायची. प्लेटवर उगवलेले ठिपके म्हणजे बाहेरची घाण, फेका, असं लॅबमधले बाकीचे म्हणाले.

"काहून फेकू? वाढून राह्यला ना, मग त्याचं नाव मी शोधतेच," ती मला म्हणाली.

चौथ्या दिवशी तिनं एक ठिपका जंतू ओळखायच्या औषधात भिजवलेल्या कागदावर घासला. कागद जांभळा झाला. आणखी काही तपासण्या करून ती व्हरांड्यात पळतच आली.

"भाऊ, सापडला! चिखलातला जंतू आहे. डॉक्टर औषध बदलून राह्यले!"

औषध बदलल्यावर दहाव्या दिवशी ताप उतरला. भावानं भाकर मागून खाल्ली, हे सांगायला मी गेलो. तिनं हातमोज्यांसकट दोन्ही हात उंचावले आणि अख्ख्या लॅबला ओरडून सांगितलं, "जेवला आपला पेशंट!"