मी सुधारलेली कविता

बाईंनी आठवीच्या वर्गाला घरच्या बोलीत कविता लिहायला सांगितली होती. माझ्या मुलीने दोंडाईच्याजवळ गावी राहणाऱ्या आपल्या आजोबांवर अहिराणीत सोळा ओळी लिहिल्या आणि मला दाखवल्या. धुळ्यात वीस वर्षं नोकरी करताना मी ही बोली ऑफिसात कधी तोंडातून निघू दिली नव्हती. लोक हसतील, असं सांगून मी सोळापैकी बारा ओळी पुस्तकी मराठीत बदलून दिल्या. तिने त्या वहीत उतरवून घेतल्या.

स्नेहसंमेलनाला वडील गावाहून मुद्दाम आले. तिची कविता झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला विचारलं, "पोर चांगली बोलनी. पन तो आबा कोना शे?"

"तुमच्यावरच आहे ती, आबा," मी म्हणालो.

मग मुलीने मांडवातच त्यांना आपली मूळ कविता म्हणून दाखवली. विहिरीवरची मोटार सुरू होत नाही म्हणून आबा तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, त्या ओळीला ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला मान वर करवेना. त्या ओळीच्या जागी मी 'आबा फार कष्टाळू आहेत' असं लिहून दिलं होतं.