धाकट्या जावेचा ब्रेकर

दुसरीच्या दागिन्यांवर जळणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मी जळले ती एका स्पीडब्रेकरवर. तो माझ्या धाकट्या जावेच्या गल्लीत होता आणि माझ्या गल्लीत नव्हता.

आम्ही दोघी एकाच कॉलनीत राहतो, पाठीला पाठ लावलेल्या दोन गल्ल्यांत. दोघा भावांनी प्लॉट घेतले तेव्हा इथे द्राक्षाचे मळे होते. रुंद रस्त्यावरचा प्लॉट थोरल्याला, म्हणजे आम्हाला, हे मीच हट्टाने ठरवून घेतलं. आतल्या अरुंद गल्लीतला धाकट्यांच्या वाट्याला गेला. ‘दारात गाडी उभी राहायला नको का?’ असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. तोपर्यंत आमच्याकडे गाडी नव्हतीच. जाऊ काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नाही, आणि शेवटी सगळं तिच्याच मनासारखं होतं.

आता द्वारका चौकातल्या गर्दीला कंटाळलेला प्रत्येक माणूस आमच्या गल्लीतून निघतो. मोबाइलमधली बाईच त्यांना सांगते म्हणे, इथून वळा. कांद्याच्या गोण्या लादलेल्या पिकअप, शाळेच्या व्हॅन, कानात बोंडं खुपसून मोटारसायकल हाणणारी पोरं, सगळे सुसाट. समोरच्या निवृत्त सरांनी पदरमोड करून ‘ताशी वेग वीस’ अशी पाटी लावली. थोड्याच दिवसांत तिच्यावर कोणीतरी पाण्याच्या टँकरची जाहिरात चिकटवली. आता गाडीवाले त्या पाटीपाशी खरंच थांबतात, टँकरचा नंबर उतरवून घ्यायला.

जावेच्या गल्लीत मात्र शांतता. तिने घरावर मजला चढवला तेव्हा स्लॅबच्या दिवशी काँक्रीट उरलं. मिस्तरी म्हणाला, टाकून द्यावं लागेल. ही म्हणाली, ‘फेकता कशाला? रस्त्यावर आडवं ओता.’ झाला ब्रेकर. अर्ज नाही, परवानगी नाही. आणि ब्रेकर तरी कसा, गाडीचं पोट घासेल असा. एकदा आदळलेला माणूस पुन्हा त्या गल्लीत वळत नसे. तो कुठे वळे? आमच्या गल्लीत. म्हणजे तिच्या दारातली पीडा तिने उरलेल्या काँक्रीटमध्ये माझ्या दारात ढकलली, आणि वर कॉलनीभर तिचं कौतुक.

हेही मी गिळलं असतं. पण नातीच्या वाढदिवसाला सायकल आली.

नात तिसरीत आहे. मुलगा आणि सून दोघंही अंबडच्या कंपन्यांत, म्हणून शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती माझी. दूध प्यायचं, वर्गात काय झालं ते मला सांगायचं, मग अभ्यास. या वेळेसाठी मी दुपारची झोप आटोपती घेत असे. सायकल आली त्याच आठवड्यात आमच्या फाटकासमोर एका पिकअपने तिच्या हँडलला निसटता धक्का दिला. पोर पडली. गुडघा फुटला, हनुवटीला खरचटलं. पिकअपवाला थांबला, काच खाली केली आणि मलाच म्हणाला, ‘ओ काकू, पोरीला आवरा ना. रस्ता हाय हा, ग्राउंड नाय.’

मी त्याला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. तो निघून गेल्यावर मी पोरीला घेऊन तिथेच कट्ट्यावर बसले. चाक चार बोटं इकडे असतं तर, हा विचार अजूनही पोळी लाटताना मध्येच येतो.

रात्री मुलाने फर्मान काढलं, सायकल आपल्या गल्लीत चालवायची नाही. छोट्या आजीकडे जायचं.

झालं. शाळेतून आली की दप्तर माझ्या सोफ्यावर आणि पोर जावेच्या गल्लीत. त्या गल्लीतली झाडून सगळी पोरं संध्याकाळी रस्त्यावर असत. आमच्या गल्लीतली पोरं खिडकीत. नात घरी यायची तेव्हा तिच्या तोंडाला थालीपिठाचा वास असायचा. ‘आजी, भूक नाही.’ वर्गातल्या गोष्टीही तिकडेच सांगून संपलेल्या. ‘ते मी छोट्या आजीला सांगितलं ना,’ असं ती म्हणायची, जणू एकीला सांगितलं की दुसरीला आपोआप कळतं. माझ्या पोटात अशी कळ उठायची की ओवा खाऊनही जाऊ नये.

मग मी ब्रेकरच्या मागे लागले. गल्लीतल्या सगळ्यांना घरी बोलावलं, पोहे केले. ब्रेकर हवाच यावर सगळ्यांचं एकमत. कुठे टाकायचा म्हटल्यावर सगळे बशीत बघायला लागले. एकाच्या आईला रात्री झोप नाही, दुसऱ्याच्या भिंतीला आधीच तडे, तिसऱ्याला गाडी आत घेताना अडचण. ब्रेकर सगळ्यांना हवा होता, पण शेजाऱ्याच्या दारात. मी म्हणाले, ‘माझ्या दारात टाका, आदळू देत किती आदळायचं ते.’ तर सर म्हणाले, वहिनी, हा आराखड्यातला मोठा रस्ता आहे, आपल्या मनाने काही टाकता येणार नाही, परवानगी लागेल. मी अर्ज दिला, चकरा मारल्या, साहेब बाहेर गेलेत हे ऐकून ऐकून पाठ झालं. रुंद रस्ता मीच मागून घेतला होता. करावे तसे भरावे, दुसरं काय.

यंदा कुंभमेळ्यासाठी म्हणा की निवडणुकीसाठी म्हणा, कॉलनीतले रस्ते नवे होऊ लागले. एके सकाळी यंत्र येऊन जावेची गल्ली खरवडून गेलं आणि दोन दिवसांत तिथे काळंभोर, गुळगुळीत डांबर पडलं. ब्रेकर गेला. भाजीवाल्याने मला ही बातमी दिली आणि मी त्याच्याकडून घासाघीस न करता भाजी घेतली.

मला आनंद झाला. उगाच कशाला नाकाने कांदे सोलू? आता बस म्हणावं तूही, हॉर्न ऐकत. आता कळेल. दुपारी मी शिरा केला, चांगला तूप सोडून, आणि नात शाळेतून आल्यावर डबा भरून तिच्याजवळ दिला. ‘छोट्या आजीला दे,’ म्हटलं. ती डबा हँडलला अडकवून गेली.

कढई घासायला घेतली आणि मागच्या गल्लीतून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. मागोमाग लांबलचक हॉर्न.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. ब्रेकर जावेचा गेला नव्हता, माझ्या नातीचा गेला होता. मी साबणाच्या हातांनी, पायात काही न घालता धावले. वळणापर्यंतचं ते एवढंसं अंतर मी कशी गेले ते माझं मला माहीत.

गल्लीच्या तोंडाशी, अगदी मध्यावर, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून जाऊ बसली होती. मांडीवर सूप, सुपात मेथी. तिच्यापासून हातभर अंतरावर एक पांढरी गाडी थांबलेली आणि आतला माणूस हॉर्नवर हात दाबून बसलेला. जाऊ मेथीची काडी मोडत म्हणाली, ‘वाजव बाबा. मला तसंही कमी ऐकू येतं.’ तिच्या मागे गल्लीत पोरांच्या सायकली चालू होत्या आणि माझी नात कट्ट्यावर बसून डब्यातला शिरा खात होती.

गाडी मागे गेली. जावेने माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग डब्याकडे.

‘या ताई,’ ती म्हणाली. ‘आज शिरा कशाबद्दल हो?’

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिला सगळं कळलं होतं. आणि त्याहून जास्त राग याचा आला की मी अर्ज करकरून चपला झिजवल्या, पण एक खुर्ची उचलून रस्त्यात ठेवावी हे मला सुचलं नाही. तिला सुचलं. पुन्हा तिलाच.

‘त्या टोकाला कोणी नाही बघा,’ ती म्हणाली. ‘तुम्ही बसता का?’

दुसऱ्या दिवसापासून मी बसू लागले. ती तिच्या टोकाला, मी माझ्या. लोक हसले, दोघी म्हाताऱ्यांना चळ लागला म्हणाले. गाडीवाले आधी ओरडत, मग वळसा घेत, मग यायचेच कमी झाले. नात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारी आणि मी डोळ्यांत तेल घालून बघत असे. गाड्यांकडे नव्हे. जावेच्या टोकाकडे.

कारण माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. जावेपाशी पोचली की पोर घंटी वाजवी, टिंग टिंग. माझ्यापाशी नुसती वळून जाई. रोज, प्रत्येक फेरीला. मी मनात म्हणे, उद्या वाजवेल. वाजवत नसे. शेवटी काल मी तिला थांबवलंच.

‘छोट्या आजीला घंटी, आणि मला का नाही गं?’

ती दम खात म्हणाली, ‘छोटी आजी तिकडे तोंड करून बसते ना, गाड्यांकडे. मी आले ते तिला दिसत नाही. तू तर माझ्याकडेच बघत असतेस.’

ती हे बोलत असतानाच माझ्या पाठीमागून एक मोटारसायकल आली आणि माझ्या खुर्चीला घासून, नातीच्या सायकलच्या पुढच्या चाकासमोरून, सटकन निघून गेली. मला तिचा आवाजसुद्धा आला नव्हता. पोर हसली. आजी इथे आहे, मग काय व्हायचंय, असं ते हसू होतं.

मी उठले आणि खुर्ची फिरवली. समोर आता नुसता रस्ता. जाऊ दिसेना, पोर दिसेना, कोण कोणाकडे बघून हसतंय तेही कळेना. लांबून एक पिकअप वळताना दिसली. मी पाय घट्ट रोवून बसले.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे घंटी वाजली, टिंग टिंग. मी मान वळवली नाही.