वाऱ्याच्या आड

लेकीकडे अमेरिकेत आल्यापासून मला समोरच्या बागेत रोज एक धिप्पाड म्हातारा दिसतो. बोचऱ्या वाऱ्यात तो बायकोच्या व्हीलचेअरपुढे आडवा उभा राहतो, म्हणजे तिला वारा लागत नाही. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, तरी बसत नाही. तो तरुणपणी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचा असं कळलं, तेव्हा मी विचारलं, "गोल किती केलेत?"

तो हसला. "चेंडूला कधी हातही लागला नाही. माझ्यामागे चेंडू हातात घेतलेला गडी असायचा; त्या चेंडूवाल्यावर धावून येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच माझं काम."

म्हणजे टाळ्या त्याला आणि गुडघे याचे! मला रागच आला. आपणही जन्मभर चेंडूवाल्याकडेच बघत बसतो.

"मग तुम्हाला काय मिळालं?"

"माझ्यामागचा माणूस मी पडू दिला नाही," तो म्हणाला. तेवढ्यात वारा फिरला. तोही फिरला, आणि पाय रोवून उभा राहिला.