वरमाईचं वऱ्हाड

आमच्या सातपूरच्या ऑफिसात चाचणी विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे मागून 'वरमाय' म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. एखादी वेबसाइट गर्दीत टिकेल का, हे आधी खोटी गर्दी पाठवून बघायचं, हा आमचा धंदा. ही खोटी माणसं म्हणजे बाईंचं वऱ्हाड आणि सर्व्हर सांभाळणारे म्हणजे मुलीकडचे. चाचणीच्या दिवशी बाई कडक इस्त्रीची साडी नेसून येत, मधोमध खुर्ची ओढून बसत आणि पहिलं उत्तर यायला जरा वेळ लागला की म्हणत, "दारात ताटकळत ठेवलंय आम्हाला. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही." मुलीकडच्यांना एसीत घाम फुटायचा.

बाईंचा एकच हट्ट होता. प्रत्येक पाहुण्याला स्वतःची ओळख हवी. वेबसाइटकडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीच्या माथ्यावर काही ओळी असतात, त्याला हेडर म्हणतात. कोण आलंय, कधी आलंय, आत शिरायचं टोकन कोणतं, हे त्यात असतं. घाईची मंडळी एकाच माणसाचा हेडर नकलून पाचशे जणांना चिकटवतात. बाईंची स्क्रिप्ट प्रत्येकाला आधी लॉगिन करायला लावी, मिळालेलं टोकन त्याच्याच हेडरमध्ये घाली, त्या क्षणाची वेळ टाकी आणि टोकनची मुदत संपत आली की त्याला नवं आणायला पाठवी. हे लिहायला दोन दिवस जास्त लागत. साहेब कुरकुरत, बाई ऐकत नसत.

आठवड्यातून एकदा, दुपारच्या चहाला, बाई त्या आठवड्यातली एक चूक उभ्या राहून वाचून दाखवत. नाव घेऊन, नक्कल करून. दिनेश नावाच्या नव्या इंजिनिअरने सगळ्यांना एकच टोकन दिलं, तेव्हा म्हणाल्या, "दिनेशरावांनी एकच पाहुणा पाचशे वेळा जेवायला बसवला. त्याचं पोट फुटलं आणि वऱ्हाड उपाशी." दिनेशसुद्धा हसला. पण सगळ्यांना हसू येत नसे. एक मुलगी वॉशरूममध्ये जाऊन रडली होती. बाईंनी संध्याकाळी तिला स्कूटरवरून पंचवटीत घरी सोडलं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिचीच चूक वाचली.

मी त्यातून सुटलेला. माझं काम आलेल्या आकड्यांचे तक्ते करून अहवाल लिहायचं. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत मी बेरजा पुन्हा पुन्हा तपासतो, ती माझी खोडच आहे. बाई मला 'हिशोबराव' म्हणत. माझ्याकडे चूक मिळत नाही याबद्दल त्यांना बहुधा थोडा रागच होता.

मग मुलींची वसतिगृहं चालवणाऱ्या एका संस्थेचं काम आलं. हरसूल आणि पेठच्या बाजूच्या डोंगरातल्या मुलींना नाशिकमध्ये राहायला जागा, अर्ज ऑनलाइन, आणि जिचा अर्ज आधी तिला खाट. रेक्टरबाई स्वतः ऑफिसात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी बाजाराच्या दिवशी खाली येतात, मॅडम. कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत बसतात. साइट अडकली न् एकदा का वर परत गेल्या, की गेल्या. जागा मग शहरातल्या पोरी भरून टाकतात."

बाईंनी त्या दिवशी विनोद केला नाही. रेक्टरबाईंकडून तिकडच्या पाड्यांची नावं लिहून घेतली आणि आपल्या सगळ्या पाहुण्यांना त्या त्या पाड्याचं करून टाकलं.

चाचणी तासाभराची होती. आधी पाचशे पाहुण्यांचं लॉगिन उरकून मग त्यांना थोडे थोडे करून आत सोडायचं होतं. सुरुवातीला साइट धापा टाकत होती, पण पाव तासानंतर उत्तरं झपाझप यायला लागली. शेवटपर्यंत एकही अपयश नाही. मी सगळ्याची सरासरी काढली, ती फार सुंदर आली. अहवाल गेला, संस्थेचा आभाराचा मेल आला, साहेबांनी सगळ्यांसाठी मिसळ मागवली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाई नव्या मुलांना चांगली स्क्रिप्ट कशी असते ते दाखवत होत्या. मोठ्या पडद्यावर त्यांनी चाचणीच्या मध्यावरचं एक उत्तर उघडलं. तिथे अर्ज दिसायला हवा होता. दिसलं ते असं: आपली मुदत संपली आहे, पुन्हा लॉगिन करा. त्यांनी दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. तेच.

काय झालं ते त्यांना माझ्याआधी कळलं. आदल्या दिवशी सकाळच्या छोट्या चाचणीसाठी त्यांनी टोकन नवं करायची ओळ बंद ठेवली होती. मोठ्या चाचणीआधी ती सुरू करायची राहिली. पाव तासात सगळी टोकनं शिळी झाली आणि सर्व्हर प्रत्येकाला दारातूनच गोड बोलून परत पाठवत राहिला. ते परत पाठवणंही वेळेत आलेलं उत्तर म्हणून यशातच मोजलं गेलं. त्यानंतर घरात कुणी शिरलंच नव्हतं, आणि पंगत वेळेत उठली म्हणून आम्ही मिसळ खाल्ली.

पडदा बंद न करता बाई उभ्या राहिल्या. नेहमीच्याच ठसक्यात त्यांनी वाचलं, "या आठवड्यातली चूक. विभागप्रमुख बाईंनी पाचशे पोरी उंबऱ्यावरून परत पाठवल्या आणि प्रवेश झाला म्हणून लिहून दिलं." सगळ्यांच्या हसण्यासाठी त्या थांबल्या. कुणी हसलं नाही. दिनेश खाली बघत होता. बाईंचा चेहरा मी नीट पाहिला नाही, मला पाहवला नाही.

साहेबांचं म्हणणं, गुपचूप पुन्हा चाचणी घेऊ, सुधारित अहवाल पाठवू, चूक हा शब्द कशाला. बाई म्हणाल्या, "सुधारित म्हटलं तर ते लोक आधीचा अहवालही खरा धरतील." त्यांनी तिथेच बसून संस्थेला मेल लिहिला. मी म्हटलं, माझंही नाव घाला, उत्तरं अचानक वेगवान झाली ते माझ्याच तक्त्यात दिसत होतं आणि मी फक्त सरासरी काढली. त्या म्हणाल्या, "तुमची बेरीज बरोबर आहे हो. पाहुणे माझे होते." आणि मेल पाठवून दिला.

खऱ्या चाचणीत साइट सव्वाशे पाहुण्यांतच बसली. दुरुस्तीला वेळ लागला, प्रवेश पुढे ढकलले गेले, पण सुरू झाले तेव्हा साइट टिकली. बाजाराच्या दिवशी हरसूलच्या मुलींचे अर्ज आत गेले, असं रेक्टरबाईंनी फोन करून सांगितलं. संस्थेने पुढचं काम मात्र दुसरीकडे दिलं. साहेबांनी बाईंचं प्रमुखपद काढलं आणि मला दिलं, कारण त्या मेलमध्ये माझं नाव नव्हतं. मी नाही म्हणालो नाही.

बाईंनी राजीनामा दिला. जाण्याआधी स्क्रिप्ट समजावून द्यायला त्या माझ्या, म्हणजे त्यांच्याच टेबलाशी आल्या. सगळा विभाग समोर होता. मी उठून उभा राहिलो.

"बसा, हिशोबराव," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही उभे राहिलात की सगळे माझ्याकडे बघतात."

मी बसलो. हेडरची एकेक ओळ मला समजावत त्या उभ्याच राहिल्या. दुसरी खुर्ची मागवायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.